हात न लावलेली नळी

माणसाला नोकरीतून काढतात, गावातून काढतात, फार झालं तर घरातून काढतात. मला माझ्याच प्रयोगशाळेतून काढलं गेलं. काढणारा त्या प्रयोगशाळेचा रोजंदारीवरचा परिचर होता. नाव रत्नपाल. "सर, तुमी बाहीर बसा," एवढंच तो म्हणाला, स्टूल उचलून व्हरांड्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. मी बसलो. त्या दुपारी मी बाहेर बसण्याचं जे काम केलं, ते माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत विज्ञानासाठी केलेलं सर्वात भरीव काम आहे.

खरं तर सुरुवात रत्नपालपासून करायला हवी होती. सवयीप्रमाणे मी स्वतःपासून केली.

रत्नपाल सिद्धेश्वरकडचा. धरणाच्या खालच्या अंगाला एका खाजगी मालकाचं मत्स्यबीज केंद्र होतं, तिथे तो सोळाव्या वर्षापासून कामाला होता. रोहू-कटल्याची अंडी हौदात फिरती ठेवायची, त्यांना बुरशी धरली की पाण्यात हिरवं औषध सोडायचं, हे त्याचं काम. त्या औषधाचं नाव मॅलाकाइट ग्रीन. चिमूटभर टाकलं की हौदभर पाणी मोरपंखी होतं आणि हाताला लागलं की कातडी बदलेपर्यंत जात नाही. पुढे ते खायच्या माशांना वापरू नये असं ठरलं, पण तेव्हा सर्रास चालायचं. १९९५ साली ते केंद्र बंद पडलं आणि रत्नपाल हिंगोलीला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात चिकटला. कोपरापर्यंत हिरवे हात पाहून आमचे प्राचार्य उकंडराव सर म्हणाले, "हे काय, शेवाळ काढता काढता आलास का?"

"औषध हाय साहेब. जाईल."

ते महिन्याभरात गेलं. रोजंदारी मात्र अकरा वर्षं गेली नाही.

तो कमी बोलायचा. आमच्या विभागात हा गुण माझ्यामुळे फार उठून दिसायचा. मी बोलतो. एकदा एका शिक्षकाच्या निरोप समारंभात मी असा काही रंगलो की सत्कारमूर्तींची शेवटची एस.टी. निघून गेली आणि त्यांना त्या रात्री माझ्याच घरी मुक्काम करावा लागला. जेवताना मी भाषणाचा राहिलेला भाग पूर्ण केला. रत्नपाल दिवसभरात वीस-पंचवीस शब्दांत भागवायचा. बाकीचा वेळ तो नळ्या धुवायचा. त्याने धुतलेली परीक्षानळी उजेडाकडे धरली की हातात नळी आहे की नाही अशी शंका यायची.

ही शिस्त त्याच्या आईची. चांगुणाबाईच्या हातचं कैरीचं लोणचं तीन-तीन वर्षं टिकायचं. बरणी भरताना ती कोणालाही जवळ उभं राहू द्यायची नाही. ओला हात नको, उष्टा हात नको, आणि बरणीच्या तोंडाशी बोलायचं तर अजिबात नको. "थुका उडतो, मग लोणचं नासतं," असं तिचं साधं शास्त्र. आमच्या घरच्या लोणच्याला दसऱ्यापर्यंत बुरशी येते. बायकोचं म्हणणं असं की तिच्या लोणच्यात काही खोट नाही, बरणी भरताना मी शेजारी उभा राहून सल्ले देतो.

२००४ साली मला बढतीसाठी उजळणी वर्ग करायला हैदराबादला जावं लागलं. उजळणी वर्ग म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसारखं मागच्या बाकावर बसून झोपायची सोय. मीही झोपलो होतो. पडद्यावर कोणीतरी काहीतरी दाखवत होतं आणि अचानक कानावर शब्द पडले, मॅलाकाइट ग्रीन. मी ताडकन जागा झालो. परदेशातल्या विद्यापीठात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं वाटलं.

गोष्ट अशी होती. पेशीत डी.एन.ए. असतो, तो तलाठ्याच्या दप्तरातल्या मूळ नोंदीसारखा, जागचा हलत नाही. त्याच्या नकला पेशीभर हिंडतात, कामं करवून घेतात. त्या नकला म्हणजे आर.एन.ए. आता ही नक्कल कुठे गेली, अशा नकला किती झाल्या, हे बघायचं कसं? ती डोळ्यांना दिसत नाही. मग शास्त्रज्ञांनी आर.एन.ए.चाच एक छोटा तुकडा असा घडवला की तो घडी घालून आपल्यात एक खोपा तयार करतो. त्या खोप्यात मॅलाकाइट ग्रीनचा कण जाऊन फिट्ट बसतो. पाण्यात एकटा असताना हा कण नुसती वळवळ करतो, मिळालेला सगळा उजेड हातपाय झाडण्यात घालवतो, स्वतः जराही चमकत नाही. खोप्याने घट्ट धरला की वळवळ थांबते आणि तो लाल चमकू लागतो. ज्या आर.एन.ए.ला शोधायचं आहे त्याच्या शेपटीला हा तुकडा जोडून द्यायचा, म्हणजे लाल ठिणगी दिसेल तिथे तो आहे. तुकड्याला म्हणतात आप्टामर.

सगळा उजेड वळवळीत घालवणारा आणि स्वतः न चमकणारा, हे वर्णन ऐकताना मला उगाचच कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवतंय असं वाटलं.

हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेत अमरसिंग नावाचा संशोधक होता. मी चहाच्या रांगेत "काहून ढकलून राहिला बाप्पा" म्हणालो तेव्हा त्याने वळून पाहिलं. सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा निघाला. आमची तिथेच दोस्ती झाली, आणि त्याच भरात मी एक्केचाळिसाव्या वर्षी याच विषयात पीएच.डी.ला नाव नोंदवून आलो. ती पीएच.डी. आजही नोंदवलेल्याच अवस्थेत आहे.

परत आल्यावर मी हे सगळं रत्नपालला समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं लागली. तो बीकर पुसत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हंजे लेकरू जत्रेत हरवू नये म्हणून त्याला लाल टोपी घालतात, तसं."

"अं... हो. साधारण तसंच."

"आन् ते आमच्या हौदातलं औषध मांडीवर घट्ट धरलं की शांत होतं."

मी पुढे वर्षभर विद्यार्थ्यांना हीच दोन वाक्यं माझी म्हणून सांगितली.

२००६ साली कॉलेजने जैवतंत्रज्ञानाचा वर्ग मागितला. त्या मंजुरीसाठी विद्यापीठाची समिती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येणार होती. या वर्गाबरोबर प्रयोगशाळा परिचराची एक कायम जागा येणार होती, आणि त्या जागेवर रत्नपालला घ्यायचं असं उकंडराव सरांनी, माझ्यासमोर, स्वतःहून कबूल केलं होतं. अडचण एकच. रत्नपालचं अडतिसावं चालू होतं. त्याला लागू असलेली वयाची अट ऑगस्टमध्ये ओलांडली जाणार होती. मंजुरी याच वर्षी आली तर तो कायम, नाहीतर जन्मभर रोजंदार. चांगुणाबाई मला म्हणाली, "सर, अकरा साल तुमच्या नळ्या धुतल्या माझ्या पोरानं. एवढं एक काम करा त्याचं."

"मावशी, समितीसमोर असा प्रयोग करून दाखवतो की बघतच राहतील."

प्रयोगाचं वचन मी दिलं. तो करण्याची पाळी अर्थातच रत्नपालवर आली.

अमरसिंगने हैदराबादहून आर.एन.ए. पाठवला. प्लास्टिकची बोटभर नळी, आणि तिच्या तळाशी काही आहे हे केवळ त्याच्या चिठ्ठीवरून समजत होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: हा फार नाजूक असतो. माणसाच्या कातडीवर, घामात, थुंकीत असं काहीतरी असतं की ते आर.एन.ए.चा क्षणात चुरा करतं. उकळूनही ते मरत नाही. तेव्हा हात लावू नका, वर वाकून बोलू नका, थंड ठेवा.

"हे तर मायचं लोणचं झालं," रत्नपाल म्हणाला.

तो कामाला लागला. काचेचं सगळं सामान भट्टीत रात्रभर तापवलं. हिंगोलीत तेव्हा दिवसाचे आठ-दहा तास वीज नसायची, आमचा फ्रीज कपाट म्हणूनच वापरात होता. रत्नपालने सिद्धेश्वरच्या मासळीवाल्यांकडून थर्माकोलची पेटी आणि बर्फ आणला, त्यात नळी ठेवली. आधुनिक विज्ञानाला मासळीचा वास येऊ लागला. निळ्या उजेडाचा दिवा हवा होता, म्हणजे रंग पेटून उठेल, आणि त्यातून फक्त लाल तेवढं दिसावं म्हणून लाल पडदा. आठवड्यापूर्वीच चौदा एप्रिलची जयंती झाली होती. वस्तीतल्या मंडळाकडून रत्नपालने बॅटरीवरची निळ्या दिव्यांची माळ आणि लाल जिलेटीनचा कागद आणला. माझ्या पीएच.डी.च्या प्रस्तावात याच दोन वस्तूंसाठी मी परदेशी यंत्र मागितलं होतं.

आणखी एक गोष्ट त्याने केली. आर.एन.ए. शुद्ध पाण्यात विरघळवल्यावर तो दोन नळ्यांत वाटला. मी चिडलो. "अरे, आधीच केवढासा, त्यात वाटे?"

"मासळीचं बीज सगळं एका हौदात टाकत न्हाईत सर. एखादा हौद नासतोच."

"हा हौद आहे का?"

त्याने दुसरी नळी बर्फात तळाशी खुपसून ठेवली.

रंगीत तालमीच्या दिवशी मी नळीकडे हात नेला, तर तो म्हणाला, "न्हाई सर. हात न्हाई." मग शिपाई वसराम आला, त्यालाही "न्हाई." प्राचार्यांना दारातच "साहेब, तितूनच." सगळे गेल्यावर हातमोजे काढता काढता तो एकदम हसू लागला. रत्नपाल हसतोय हे मी अकरा वर्षांत दोनदा-तीनदाच पाहिलं असेल.

"काय झालं रे?"

"काई न्हाई. आमच्या आज्याला गावातले लोक म्हनायचे, शिवू नको. आता मी सगळ्यायला म्हनून राहिलो."

मी चष्मा पुसला.

मग तो म्हणाला, "सर, उद्या साहेबलोकायला हे तुमी सांगा. हात लावू नका, वर बोलू नका. मी सांगितलेलं बरं दिसणार न्हाई."

"सांगतो की. त्यात काय."

समिती तीन जणांची. अध्यक्ष म्हणजे भारदस्त, खादीचा कोट, विद्यापीठात त्यांचा शब्द शेवटचा. दुसऱ्या डॉ. राजनंदिनी मॅडम, वनस्पतिशास्त्राच्या, कमी बोलणाऱ्या. तिसरे गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते, कारण दुपारी औंढ्याला नागनाथाचं दर्शन ठरलं होतं.

आमच्याकडे कोणतीही गोष्ट कुणाच्या तरी हाताने सुरू व्हावी लागते. बोअर पाडायचा तरी पहिली कुदळ पाहुण्यांची. उकंडराव सरांनी कार्यक्रमपत्रिका छापली होती: 'आर.एन.ए. प्रयोगाचा शुभारंभ, मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते.' ती पत्रिका मी स्वतः वाचली होती, तिच्यातली शुद्धलेखनाची एक चूकही काढली होती. तो शुभहस्त आणि अमरसिंगची चिठ्ठी यांची गाठ कुठे पडणार आहे, हे मात्र लक्षात आलं नाही.

शाल, श्रीफळ झालं. रत्नपालने पेटीतून नळी काढली, झाकण उघडून मांडणीत उभी केली, शेजारी रंगाची कुपी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आता सांगायचं होतं. मी उभा राहिलो आणि प्रस्तावनेला सुरुवात केली. प्रस्तावना म्हणून मी डी.एन.ए.पासून निघालो, वाटेत हैदराबादचा उजळणी वर्ग घेतला, परभणीतून वेगळा होऊन जेमतेम सात वर्षं झालेला आपला जिल्हा विज्ञानात कुठे पोहोचला यावर आलो. हे सगळं मी त्या उघड्या नळीवर वाकून, बोटाने तिच्याकडे दाखवत बोलत होतो. रत्नपाल मला खुणा करत होता. मला वाटलं तो घाई करतोय. अठरा मिनिटांनी मी म्हणालो, "तर आता अध्यक्ष महोदयांनी..."

अध्यक्षांनी नळी उचलली. प्यायच्या आधी आपण तांब्याची कड पुसतो ना, तशी त्यांनी अंगठ्याने नळीची कड पुसली. कोणीही पुसली असती. मग रंगाचा थेंब टाकला. टाळ्या झाल्या. वसरामने खिडक्यांवर काळं कापड ओढलं, निळी माळ लागली, लाल कागदामागे सगळे डोळे बारीक करून उभे राहिले.

काहीच दिसेना. शेजारी नुसत्या पाण्यात रंग टाकलेली नळी ठेवली होती, फरक कळावा म्हणून. दोन्ही सारख्याच काळ्या.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"नाही," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या.

"विज्ञानात असं होतं," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. तिसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. समिती औंढ्याला गेली. साडेचारला परत येऊन, चहा घेऊन, अहवालावर सह्या करायच्या होत्या.

मी खुर्चीत बसलो. चांगुणाबाईला काय सांगायचं ते जुळवत होतो. रत्नपाल नळी स्वच्छ करत होता.

"माझ्यामुळे गेलं रे," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. तो कधीच उगाच धीर द्यायचा नाही. नळी उजेडाकडे धरून म्हणाला, "पन दुसरी हाय ना सर."

मी उठलोच. "अरे हो. मग मी आल्या आल्या त्यांना नीट समजावून सांगतो की मघाशी..."

"सर," तो म्हणाला, "तुमी बाहीर बसा."

असा मी व्हरांड्यात आलो.

साडेचारला गाडी आली. कपाळाला गंध, हातात प्रसाद. उकंडराव सर त्यांना ऑफिसकडे नेत होते. रत्नपाल प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. अकरा वर्षांत तो कुठल्याही साहेबाच्या वाटेत उभा राहिला नव्हता.

"साहेब, दोन मिंटं," तो म्हणाला. "एकडाव पुन्हा बघा."

अध्यक्ष थांबले. राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, "बघू या ना." सगळे आत गेले. मला कोणी बोलावलं नाही. दार लागलं. मी स्टुलावर उभा राहून झरोक्याच्या कापडाचं टोक जरा बाजूला केलं.

आतून रत्नपालचा आवाज आला, "सर, उजेड येऊन राहिला."

मी कापड सोडलं आणि खाली बसलो. पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं. पेटीचं झाकण उघडल्याचा करकर आवाज. बर्फाची खळखळ. मग अध्यक्षांचा भारदस्त आवाज, "आण, टाकतो थेंब."

सकाळी जे वाक्य मी म्हणायचं होतं ते आता त्याला म्हणावं लागणार होतं, आणि त्या वाक्यावर त्याची नोकरी अडकली होती. म्हटलं तरी जाऊ शकत होती, न म्हटलं तर नक्की जाणार होती.

"हात लावू नका साहेब," रत्नपाल म्हणाला.

"का?" अध्यक्षांचा आवाज बदलला होता.

"तुमच्या हाताला वंगाळ काई न्हाई. सगळ्यायच्याच हाताला असतं ते. माझ्याबी हाये, म्हनून मोजे घातले. आर.एन.ए.ला ते चालत न्हाई. आन् आता कोनी बोलू नका."

कोणी बोललं नाही. आमच्या प्रयोगशाळेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, कारण एरवी मी तिथे असायचो. वरच्या पंख्यावर कबुतर बसलं होतं, त्याची पावलं ऐकू येत होती. मग राजनंदिनी मॅडमचा अगदी हळू आवाज आला, "अरे... ही बघा. ही लाल झाली."

"आणि ही पाण्यातली काळीच आहे," अध्यक्ष कुजबुजले.

ते बाहेर आले तेव्हा अध्यक्षांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, तास चालू असताना वर्गात शिरणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. ऑफिसकडे जाता जाता त्यांनी उकंडराव सरांना विचारलं, "हे कोण प्राध्यापक?"

"परिचर आहेत. रोजंदारीवर."

"मग सकाळी बोलले, आता व्हरांड्यात बसलेत, ते कोण?"

उकंडराव सरांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी अजून विचारलेलं नाही.

सगळे गेल्यावर रत्नपालने दार किलकिलं केलं. "या सर. तोंडाला रुमाल बांधून या."

मी रुमाल बांधला, आत गेलो, हात खिशात घातले. निळ्या माळेच्या उजेडात, लाल कागदामागे, नळीच्या तळाशी गुंजेएवढा एक ठिपका होता. मंद, तांबडा, डोळे स्थिर ठेवले तरच दिसणारा. त्याचे हात ज्या औषधाने अकरा वर्षांपूर्वी हिरवे झाले होते, ते हेच औषध. मी काही बोललो नाही. रुमाल होता म्हणून नव्हे, असं मला लिहायला आवडलं असतं, पण रुमालाची मदत झाली.

मंजुरी जुलैत आली. रत्नपालच्या नेमणुकीचा आदेश त्याच्या वाढदिवसाच्या एकोणीस दिवस आधी निघाला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "मोठ्या नळ्या आज धुवायच्या का उद्या?" संध्याकाळी चांगुणाबाई लोणच्याची बरणी घेऊन घरी आली. बायकोच्या हातात देताना म्हणाली, "सरांना दुरूनच दावा."

नव्या वर्गाच्या उद्घाटनाला तेच अध्यक्ष आले. पत्रिकेत शुभहस्ते होतंच, पण या वेळी रत्नपालने प्राचार्यांकडे एक बदल मागितला होता, आणि तो मिळाला. फीत दाराबाहेर बांधली. अध्यक्षांनी ती बाहेरच कापली आणि मागे सरकून उभे राहिले. मग मला बोलायला सांगितलं. मी व्हरांड्यात पस्तीस मिनिटं बोललो. आत नळ्या धुतल्याचा आवाज येत होता. दार रत्नपालने आतून लावून घेतलं होतं.